सह्याद्रीची माती, खाडीचा गाळ

महाबळेश्वरच्या माथ्यावरचे पाणी दोन समुद्रांकडे जाते. सावित्री कोकणात उतरून बाणकोटच्या खाडीला मिळते; कृष्णा वाई, कराड, सांगली करत बंगालचा उपसागर गाठते. दोघींसोबत माती जाते.

तिचा मूळ पत्ता खनिजे सांगतात. बेसॉल्ट खडक झिजून स्मेक्टाइट हे चिकणमातीचे खनिज बनते. सांगलीची काळी रानं पावसात फुगतात, उन्हाळ्यात भेगाळतात ती यामुळेच. पाचगणीच्या जांभ्यात मात्र पावसाने सिलिका धुऊन नेल्याने केओलिनाइट आणि लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडे उरतात.

खाडीतल्या भरती-ओहोटीच्या चिखलातले २ मायक्रोमीटरपेक्षा बारीक कण क्ष-किरणांनी तपासले, की या खनिजांचे प्रमाण कळते आणि गाळ कुठून आला याचा माग लागतो.

कृष्णेचा बराचसा गाळ आता श्रीशैलम, नागार्जुनसागर अशा धरणांत अडतो. त्यामुळे आंध्रातील तिच्या त्रिभुज प्रदेशाचा किनारा काही ठिकाणी झिजतो आहे.