मिस्सा लॅटिनमध्ये, रोझरी घरच्या भाषेत

कॅथलिकांविषयी बाहेर एक समज पक्का आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे १९६० च्या दशकापर्यंत, त्यांची सगळी प्रार्थना लॅटिनमध्येच चालायची. मिस्सेपुरतं, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेपुरतं, हे बहुतांशी खरं. घरच्या प्रार्थनेसाठी मात्र सामान्य भाविकांवर रोमनं लॅटिनची सक्ती केलेली नव्हती.

१९१७ चा चर्चचा कायदाच पाहा. ठरावीक प्रार्थना म्हटली की क्षमा झालेल्या पापाच्या उरलेल्या शिक्षेत सूट मिळते, अशी कॅथलिक शिकवण. ही सूट कोणत्याही भाषेतल्या प्रार्थनेनं मिळेल, असं त्याचं ९३४ वं कलम सांगायचं. अट एकच: भाषांतर चोख असल्याची ग्वाही रोमनं किंवा तिथल्या बिशपनं दिलेली हवी असे.

मिशनऱ्यांनी तर हे फार आधीच ओळखलं होतं. १५४२ मध्ये फ्रान्सिस झेविअर तामिळ किनाऱ्यावरच्या परवर या मच्छिमार समाजात गेला. त्याचं तामिळ कच्चं. मग स्थानिकांना हाताशी धरून त्यानं मुख्य प्रार्थना तामिळमध्ये करून घेतल्या, स्वतः पाठ केल्या आणि घंटा वाजवत, माणसं गोळा करून त्यांच्याकडून म्हणवून घेतल्या. 'क्रिस्तपुराण'कार फादर थॉमस स्टीफन्सनंही गोव्यात धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी कोकणीत लिहिली. ती त्याच्या पश्चात १६२२ मध्ये छापली गेली.

खरी गंमत मिस्सेतच चालायची. वेदीपाशी फादरांचं लॅटिन, आणि बाकांवरच्या बायाबापड्यांच्या ओठी आपापल्या भाषेतली रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना! युरोपातही हेच. ज्यांना मिस्सेचे विधी उमगत नाहीत त्यांनी दुसरी प्रार्थना करावी, अशी मोकळीक १९४७ मध्ये पोप बारावे पायस यांनीच 'मेडिएटर देई' या परिपत्रकात दिली.

लॅटिनचा काच होता तो पाद्रींना. रोजची 'ब्रेव्हियरी', म्हणजे दिवसाच्या ठरलेल्या वेळच्या प्रार्थना, एकट्यानं म्हटली तरी लॅटिनमध्येच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ च्या दस्तऐवजानंही तो रिवाज राखला. लॅटिनची फारच अडचण असेल त्याला बिशपनं सवलत द्यावी, एवढंच.

परिषदेनंतर लोकभाषांकडे वळलेलं वारं आता थोडं उलट फिरलंय. २००५ च्या संक्षिप्त धर्मशिक्षण ग्रंथात नेहमीच्या प्रार्थना लॅटिनमध्येही दिल्या आहेत. देशोदेशीचे भाविक जमले की सगळ्यांना एकसुरात म्हणता याव्यात, हा हेतू रास्तच. पण लॅटिन प्रार्थना देवाला जास्त पोचते, असं रोम कुठंच सांगत नाही. आवडत असेल तर खुशाल म्हणा. आजीच्या मराठी रोझरीला मात्र कमी लेखू नका.