पॉइंट टू-टू : इंचभर काडतुसाचे अचूक विज्ञान

पन्नास मीटर रायफल प्रकारात लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ फक्त 10.4 मिलिमीटर व्यासाचे असते, म्हणजे सदऱ्याच्या बटणाएवढे. 5.6 मिलिमीटर जाडीच्या गोळीची कड त्या वर्तुळाला नुसती शिवली तरी दहा गुण मिळतात. पण 10.9 हवे असतील, तर गोळीचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून 0.8 मिलिमीटरच्या आत पडायला हवा. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच अंतरावर गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून अशा तिन्ही पोझिशनमध्ये नेम धरला आणि अंतिम फेरीत 451.4 गुणांसह कांस्यपदक मिळवले. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने 2010 मध्ये म्युनिकला प्रोन (पालथे पडून नेम धरण्याच्या) प्रकारात जगज्जेतेपद पटकावले, तेही पन्नास मीटरवरच. नेमबाजाचा श्वास, नजर आणि सराव यांच्याबद्दल आपण भरभरून वाचतो. त्या सगळ्याचे फळ ज्याच्यावर अवलंबून असते, ते काडतूस मात्र सहसा कुणी हातात घेऊन न्याहाळत नाही.

ते घेऊन पाहावे. पॉइंट टू-टू लाँग रायफल नावाचे हे काडतूस 1887 पासून वापरात आहे. पितळी पुंगळी, तिच्या तोंडाशी सुमारे 2.6 ग्रॅमची शिशाची गोळी, आत चिमूटभर बारूद. सगळे मिळून लांबी जेमतेम एक इंच. मोठ्या रायफलच्या काडतुसाला बुडाच्या मधोमध वेगळी टोपी बसवलेली असते. इथे तशी टोपी नाही. पेट घेणारे मिश्रण ओले असतानाच पुंगळीत घालतात, पुंगळी प्रचंड वेगाने फिरवतात आणि ते मिश्रण बुडाच्या दुमडलेल्या काठात जाऊन बसते. फायरिंग पिन तो काठ चेचते आणि बार होतो. काठात मिश्रण एका बाजूला कमी, दुसऱ्या बाजूला जास्त बसले, तर प्रत्येक बाराची ताकद वेगळी होते. शिवाय ही पुंगळी पुन्हा भरता येत नाही. मोठ्या बोअरचे नेमबाज बारूद तोलून स्वतः काडतुसे भरतात. पॉइंट टू-टूवाल्याच्या हाती राहते ती केवळ निवड.

या निवडीला एवढे महत्त्व का, हे साध्या गणिताने कळते. स्पर्धेची गोळी सेकंदाला सुमारे 320 ते 330 मीटर वेगाने जाते. वेग मुद्दाम ध्वनीच्या वेगापेक्षा कमी ठेवतात, कारण ध्वनीच्या वेगाची सीमा वरून खाली ओलांडताना गोळी डळमळते. पन्नास मीटर जाईपर्यंत ती गुरुत्वाकर्षणाने बारा सेंटिमीटरच्या आसपास खाली येते. आता दोन काडतुसांच्या वेगात सेकंदाला फक्त 10 मीटरचा फरक धरा. लक्ष्यावर दुसरी गोळी सुमारे 7 मिलिमीटर वर किंवा खाली लागेल. नेमबाजाची काहीही चूक नसताना दहाचे नऊ होऊ शकतात!

म्हणून इंग्लंडची एली, जर्मनीची आरडब्ल्यूएस, फिनलंडची लापुआ यांसारखे उत्पादक खोक्यावर लॉट नंबर छापतात. एलीच्या खोक्यावर तर त्या लॉटचा वेगही असतो. एकाच नावाच्या, एकाच किमतीच्या दोन लॉटमध्ये फरक पडतो, आणि एका रायफलला मानवलेला लॉट शेजारच्या तशाच रायफलला मानवेलच असे नाही. नळीच्या आतल्या खाचा, चेंबरचे (काडतूस बसते त्या कप्प्याचे) माप, नळीचे कंपन यांवर ते ठरते. ही जोडी जुळवण्यासाठी अव्वल नेमबाज उत्पादकांच्या चाचणी रेंजवर जातात. तिथे रायफल शिकंज्यात घट्ट पकडून वेगवेगळ्या लॉटच्या गोळ्या झाडतात आणि सगळ्या छिद्रांच्या गटाचा घेर मोजतात. ज्याचा घेर सतत लहान येतो, तो लॉट वर्षभराचा साठा म्हणून घेतात. एका सुंदर गटावर भाळून मात्र खरेदी करू नये. तीन-चार गट पाहावेत. महाग तेच उत्तम, हाही भ्रमच आहे. नवोदिताने क्लबमध्ये मिळतील त्या तीन-चार लॉटची टेकूवर चाचणी घेतली, तरी खूप काही कळते.

आता नळीकडे वळू. शिशाच्या गोळीवर मेणाचा किंवा चरबीचा पातळ थर असतो. 1857 च्या उठावाचे निमित्त ठरलेल्या एनफील्ड काडतुसावरची चरबीही अशाच कामासाठी होती: गोळी सहज सरकावी आणि जळके अवशेष कडक होऊ नयेत. पॉइंट टू-टूच्या नळीत हा मेणाचा थर बसला की गोळ्या एकसारख्या जाऊ लागतात. साफसफाईनंतरच्या पहिल्या काही गोळ्या भरकटतात त्या यामुळेच, म्हणून त्या गुणांसाठी झाडत नाहीत. किती गोळ्यांनंतर नळी साफ करावी, यावर नेमबाजांत एकमत नाही. पण चेंबरच्या पुढे काजळी आणि शिसे साचून कडक कडे तयार होते, ते वेळीच काढलेच पाहिजे.

माझे स्पष्ट मत असे की पॉइंट टू-टूच्या नळ्या झिजतात त्या गोळ्यांपेक्षा चुकीच्या सफाईने अधिक. नळीच्या तोंडाची कड हा गोळीला शेवटचा स्पर्श करणारा भाग; सळई तिथून आत खुपसली तर ती कड घासते. सळई नेहमी चेंबरच्या बाजूने, गाइड लावून, सरळ घालावी. आधी सॉल्व्हंटमध्ये भिजवलेला फेल्टचा तुकडा, मग स्वच्छ होईपर्यंत कोरडे तुकडे, आणि तोंडाबाहेर आलेला मळका तुकडा परत आत ओढायचा नाही. आपल्याकडे पावसाळ्यात गंजाचा धोका मोठा, तेव्हा नळीला तेलाचा हलका हात द्यावा, पेटीत सिलिका जेल ठेवावे आणि पुढच्या सरावाआधी ते तेल आठवणीने पुसून काढावे. काडतुसे उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नयेत. उष्णतेने मेण वितळते, वेगही बदलतो.

दोन गोष्टींत तडजोड नको. साफसफाईआधी बोल्ट काढून चेंबर रिकामे असल्याची खात्री करावी. आणि एखादा बार नेहमीपेक्षा दबका वाजला तर तिथेच थांबावे, नळी लक्ष्याच्या दिशेनेच ठेवून रेंज अधिकाऱ्याला बोलवावे. गोळी नळीतच अडकली असू शकते, आणि तिच्यामागून दुसरी झाडली तर नळी फुगते किंवा फाटते.

नव्या नेमबाजांना एवढेच सांगणे: नेमबाजीचे महागडे जाकीट घेण्याआधी एक वही घ्या. खोके उघडले की लॉट नंबर, हवामान, गटाचा घेर आणि सफाईची तारीख तिच्यात लिहा.