टक्कल बरंच पुढे गेल्यावर औषध किती चालतं?



विषय मासळीचा नाही, पण घराघरातला आहे. मधुबन धरणावर जाणारी आपली कितीतरी पोरं पंचविशीतच डोक्यावरची टोपी काढत नाहीत. लग्नाची बोलणी सुरू झाली की मोबाईलवरची जाहिरात बघून तेल, गोळ्या मागवतात. हंगामाची कमाई त्यात जाते. म्हणून थोडं स्पष्ट लिहितो.

जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या काही गावांत बायका-पोरांसकट लोकांचे केस काही दिवसांतच गळाले. ते प्रकरण वेगळं. आपल्या पोरांचं टक्कल कपाळाचे कोपरे आणि टाळूपासून हळूहळू वाढतं. ते वंशातून येतं, मग आईकडून असो की बापाकडून. टोपीने किंवा धरणाच्या पाण्याने येत नाही. शरीरातल्या डीएचटी नावाच्या हार्मोनमुळे केसाचं मूळ बारीक होत जातं आणि शेवटी केस उगवायचाच थांबतो.

यावर मुख्य औषधं दोन. मिनॉक्सिडिल हे डोक्याला लावायचं. ते मुळात ब्लड प्रेशरचं औषध. दुसरी फिनास्टेराइडची गोळी. ती डीएचटी कमी करते. या गोळीच्या चाचण्यांत दोन वर्षांनी १०० पैकी ८३ जणांचे केस आणखी कमी झाले नाहीत. बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांत असे २८ च होते. पण त्या चाचण्यांतले पुरुष थोडं ते मध्यम टक्कल असलेले होते, हे जाहिरातवाला सांगत नाही.

फाटलेलं जाळं विणता येतं, वाहून गेलेलं नाही. तसंच हे. औषध आहेत ते केस राखतं, बारीक झालेले थोडे जाड करतं. टाळू गुळगुळीत होऊन वर्षं झाली असतील तर तिथे औषधाने दाट केस येत नाहीत. उरलेले केस मात्र टिकवता येतात.

फरक दिसायला सहा महिने ते वर्ष लागतं. सुरुवातीला मिनॉक्सिडिलने केस जास्त गळतात, घाबरू नका. औषध बंद केलं की मिळालेला फायदा वर्षभरात जातो.

गोळीने काहींची लैंगिक इच्छा कमी होते, ताठरता कमी होते, मन उदास होतं. तसं झालं तर लाज न बाळगता डॉक्टरांना सांगा. गरोदर बाईने फुटलेल्या गोळीला हात लावू नये.

केस रोपण करतात ते मागचेच केस काढून पुढे लावतात. टक्कल मोठं असेल तर ते पुरत नाहीत. त्यासाठी बोटीवर कर्ज काढू नका.

आधी सिल्वासाच्या सरकारी हॉस्पिटलात त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. केस जायला नुकती सुरुवात झालेल्या पोरांनी तर लवकर जावं, औषधाचा खरा उपयोग त्यांनाच आहे. आणि घरच्यांनो, पोराला टकल्या म्हणून चिडवू नका.

– सचिव