पाण्यावरच्या मिरचीला आधार

पहाटे ५.३०

वरच्या खोलीतले दिवे टायमरवर लागतात आणि चहाचा कप घेऊन मी वर जाते. बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या आमच्या जुन्या घराची ही वरची, बारा बाय चौदाची खोली आता मिरच्यांची आहे. २४ बादल्या, २४ झाडं. प्रत्येक बादलीच्या झाकणात जाळीची कुंडी, तिच्यात क्ले बॉल्स आणि खाली खत मिसळलेलं पाणी. बहुतेक झाडं ढोबळी मिरचीची. त्यांतली आठ अर्का मोहिनी, म्हणजे इथल्याच हेसरघट्ट्याच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनं काढलेलं वाण.

या वेळी मी फक्त बघते, हात लावत नाही. रात्रभर पाणी पिऊन खोडं तट्ट भरलेली असतात. आता फांदी वळवायला गेलं तर ती काकडीसारखी कट्‌कन मोडते. एका वर्षी घाईत पहाटेच बांधणी केली आणि तीन फांद्या फळांसकट हातात आल्या. तेव्हापासून पहाटे दोरीला शिवायचं नाही.

६.१५

पीएच सहाच्या आसपास, ईसी, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या खताचं माप, दोन. पाणी २२ अंशांवर. कॅल्शियम नायट्रेट एका कॅनमध्ये, सल्फेट आणि फॉस्फेट दुसऱ्यात. दोन्ही घट्ट द्रावणं एकत्र केली की खाली पांढरा साका बसतो आणि त्यात गेलेलं खत झाडाला मिळत नाही. हे काम दहा मिनिटांचं.

९.००

मदतीला अक्का येते. ती हावेरी जिल्ह्यातली, ब्याडगी मिरचीच्या मुलखातली. लहानपणापासून मिरची तोडत आलेली. पहिल्या दिवशी ही खोली बघून तिनं विचारलं होतं, “अम्मा, आमच्याकडे मिरचीला कोणी बांधत नाही. तुमची का बांधायची?”

हा प्रश्न मी अजून विसरलेले नाही, कारण माझं सगळं काम त्याच्या उत्तरातच आहे. तिच्या गावच्या काळ्या मातीत मिरचीचं मूळ खोल जातं आणि माती त्याला चहूबाजूंनी घट्ट धरते. झाड कमरेएवढं, फळ हलकं. शिवाय रोप दोन पानांचं असल्यापासून वारा त्याला हलवत असतो, त्यानं खोड टणक होतं. माती झाडाला खाऊ घालते आणि धरूनही ठेवते. आम्ही पाण्यातून खायला घालायला शिकलो, धरून ठेवायचं काम मात्र आमच्या हातांवर आलं. इथे मुळं पाण्यात लोंबतात, वारा नाही, आणि एकेक फळ दीडशे-दोनशे ग्रॅमचं. एका फांदीवर पाच फळं धरली की किलोभर वजन झालं.

म्हणून पंखा. तो दिवसभर फिरता असतो. पानं थरथरली पाहिजेत, फडफडता कामा नयेत. पंख्याचा दुसराही फायदा आहे. कॅल्शियम झाडात पाण्याच्या प्रवाहाबरोबर चढतं. हवा कोंडली की तो प्रवाह मंदावतो आणि फळाचं बूड काळं पडतं.

१०.००

फुलं. खोलीत मधमाशी नाही, पण मिरचीच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतात, त्यामुळे दोरीला वरून टिचकी मारली तरी परागकण झडतात. अक्का टिचक्या मारत पुढे जाते, मी मागून भिंग घेऊन फुलांत फुलकिडे आहेत का बघते. नवीन रोपांचं पहिलं फूल, जिथे खोडाला दोन फांद्या फुटतात त्या बेचक्यातलं, मी खुडून टाकते. जीव होत नाही खुडायला. पण ते फळ तिथे फुगलं तर बेचकंच चिरतं आणि झाडाची वाढही अडते.

११.०० ते १.००

हा खरा कामाचा वेळ. दिव्यांखाली साडेपाच तास काढल्यावर खोडं किंचित सैल पडलेली असतात आणि फांदी वळते.

छताखाली भिंतीपासून भिंतीपर्यंत जाड जीआय तार ओढली आहे, दोन्ही टोकांना भिंतीत अँकर बोल्ट. आधी इथे पीव्हीसी पाइप होता. फळधारणेच्या ऐन दिवसांत तो मधोमध वाकला आणि सहा झाडं एकमेकांवर बसली. एक भरलेलं झाड तीन किलोचं धरलं तर २४ झाडांचे ७२ किलो. एवढं वजन लोंबकळणार, हे तेव्हा मी हिशेबातच घेतलं नव्हतं.

प्रत्येक झाडाच्या दोनच फांद्या ठेवते. फांदीमागे एक दोरी, म्हणजे एकूण ४८ दोऱ्या. दोरीचा खालचा फास खोडाभोवती इतका सैल ठेवायचा की त्यात करंगळी सहज फिरावी, कारण खोड पुढे जाड होणार. मग दोरी फांदीभोवती गुंडाळत वर न्यायची. एका पेराला एक वेढा, सगळे वेढे एकाच दिशेनं आणि दर वेळी पानाच्या देठाखालून. देठावरून दोरी गेली की फळाच्या ओझ्यानं पान कापलं जातं. शेंड्याकडची चार बोटं तशीच मोकळी सोडायची, तो भाग कोवळा असतो. वरच्या आकड्यावर हातभर जादा दोरी गुंडाळलेली असते. झाड वाढेल तशी ती सोडायची.

अक्का देठ वर धरते, मी दोरी खालून काढते. बगलेतले फुटवे एका पानावर खुडतो. आज सतराव्या बादलीतल्या झाडाची एक फांदी बेचक्यात चिरलेली दिसली, वेगळी झालेली नव्हती. तिची तीन फळं उतरवली, चीर जुळवून वर ग्राफ्टिंगची टेप गुंडाळली आणि फांदीला दुसरी दोरी दिली. अशी चीर पुष्कळदा सांधते. त्या जागी गाठ येते.

२.३०

जेवण करून थोडं वाचन. पाण्यावरच्या या शेतीसाठी कॅलिफोर्नियात विल्यम गेरिक यांनी १९३७मध्ये ‘हायड्रोपोनिक्स’ हा शब्द रूढ केला. त्यांचे टोमॅटो एवढे उंच गेले की तोडायला शिडी लागे. आपल्याकडे शोल्टो डग्लस यांनी १९४६च्या सुमारास कालिम्पाँगला प्रयोग सुरू केले आणि १९५१मध्ये ‘बेंगॉल सिस्टिम’वर पुस्तक लिहिलं. त्यांच्या वाफ्यात खडी आणि वाळू होती, म्हणजे मुळांना धरायला काहीतरी होतं. मला ती पद्धत शहाणपणाची वाटते. माती गेली तरी तिची पकड त्यांनी सोडली नाही.

५.००

पुण्याहून भाच्याचा फोन. “मावशी, बाल्कनीतल्या किटमधलं मिरचीचं झाड आडवं झालंय. उभं करू?” त्याला म्हटलं, एकदम उभं करू नकोस रे, मोडेल. आधी मोठी फळं उतरव. जुन्या सुती साडीची पट्टी घे, दोरा नको, आणि आज अर्धं उचल, परवा उरलेलं. आणि काठी रोवू नकोस, त्या क्ले बॉल्समध्ये ती उभी राहणार नाही. वरून टांग.

७.३०

चौदा तास झाले, दिवे बंद. एअर पंपाचा बुडबुड आवाज तेवढा राहतो. वहीत उद्याची नोंद करते : चौथ्या आणि नवव्या झाडाचे फास सैल करायचे.

घरात पाण्यावर मिरची लावायची इच्छा असेल त्यांना माझी एकच विनंती आहे. बी पेरण्याआधी वरची तार ओढून घ्या आणि स्वतः दोन्ही हातांनी तिला लोंबकळून बघा. झाडं वाढल्यावर तार ओढायची तर बादल्यांच्या मध्ये स्टूल ठेवून चढावं लागतं, आणि सगळ्यात जास्त फांद्या तेव्हाच मोडतात.