डॉल्फिन दिसेलच, ही हमी कशाला?

दापोली तालुक्यातल्या मुरुड, कर्दे, हर्णैच्या किनाऱ्यांवर सुट्टीच्या दिवसांत पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला बोटी निघतात. इथे सहसा दिसतो तो पाठीवर कुबड असलेला करडा डॉल्फिन. साधारण वीस-पंचवीस मीटर खोलीपर्यंतच्या उथळ पाण्यातच तो मासे खातो, विसावतो, पिल्ले वाढवतो. म्हणून तासाभराच्या फेरीत त्याची पाठ दिसते. आणि म्हणूनच माणसाचा उपद्रव वाढला तर त्याला दूर जायला जागा उरत नाही. जाळी, बंदरे, सांडपाणी, सारे याच पट्ट्यात. त्यात मादीला काही वर्षांच्या अंतराने एकच पिल्लू होते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१७ मध्ये या जातीला संकटग्रस्त ठरवले. अशा प्राण्याच्या दर्शनाची हमी देऊन फेरी विकणे हीच मुळात चूक आहे, कारण हमी दिली की पाठलाग ओघाने येतोच.

पाठलागाने नेमके काय बिघडते? पाण्यात आवाज हवेतल्या वेगाच्या चौपटीहून अधिक वेगाने जातो आणि डॉल्फिनचा सारा व्यवहार आवाजावर चालतो. गढूळ पाण्यात तो ध्वनी सोडून प्रतिध्वनीवरून मासा शोधतो, साथीदारांशी आणि पिल्लाशी संपर्क ठेवतो. तीन-चार बोटींची इंजिने भोवती घरघरू लागली की हे सगळे विस्कटते. ऑस्ट्रेलियातल्या शार्क बे इथे संशोधकांनी अनेक वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पर्यटनाच्या एका बोटीच्या दोन झाल्यावर त्या भागातले डॉल्फिन घटल्याचे २००६ मध्ये मांडले गेले. तिथल्या सरकारने दोनपैकी एक परवाना कमी केला. दोनच बोटींनी एवढा फरक पडत असेल, तर आपल्या किनाऱ्यावरच्या गर्दीचा विचार करायलाच हवा.

यावर पहिला आक्षेप असा की डॉल्फिन स्वतःहून बोटीजवळ येतात. बोटीच्या नाळेपुढच्या लाटेवर खेळणाऱ्या जाती आहेत, पण आपला कुबडवाला डॉल्फिन सहसा त्यांतला नाही. तो बोटीजवळ वर आला की खेळतोच आहे असे नव्हे. श्वासासाठी त्याला वर यावेच लागते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: नियम घातले तर बोटवाल्यांनी खायचे काय? त्याचे उत्तर याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यातल्या वेळासमध्ये मिळते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये तिथे कासवांच्या अंड्यांचे संरक्षण सुरू केले, पुढे गावाच्या सहभागाने कासव महोत्सव उभा राहिला. पिल्ले अमुक दिवशी निघतीलच अशी खात्री तिथे कुणी देऊ शकत नाही, पाहुण्यांना अंतर राखून उभे राहावे लागते. तरी लोक येतात, गावकऱ्यांच्या घरी राहतात आणि पैसा गावातच राहतो. जे वाळूवर जमले ते पाण्यावर का जमू नये?

फेरी डॉल्फिनपुरती न ठेवता समुद्राची केली, तर हमीची गरजही संपते. पाठीवर पंख नसलेला, उड्या न मारणारा म्हणून नजरेतून निसटणारा पॉरपॉइज, श्वासाला वर आलेले कासव, हिवाळी पाहुणे कुरव, समुद्री गरुड, शिवाय सुवर्णदुर्ग किल्ल्याचा इतिहास, एवढे सांगता येणारा तांडेल पर्यटकाला जास्त देतो.

वन्यजीव संरक्षण कायद्याने डॉल्फिनला सर्वोच्च संरक्षण दिले आहे आणि त्या कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत प्राण्याला हाकणेही येते. पण समुद्रात प्रत्येक बोटीमागे वनरक्षक असू शकत नाही. बऱ्याच देशांत पाळले जाणारे पन्नास मीटरचे अंतर, मंद वेग, एका कळपाजवळ मोजक्याच बोटी आणि पिल्लू दिसताच माघार, एवढे आपल्याही संघटनांना ठरवता येईल. पैसे मोजणाऱ्या पर्यटकाने तर आजच सुरुवात करावी: बोटीत बसताना 'दिसला नाही तरी चालेल, मागे लागू नका' एवढे तांडेलाला स्पष्ट सांगावे.