हिंजवडीची कोंडी, रक्तातली कोंडी

हिंजवडी मुळशी तालुक्यात येते, हे तिथे रोज अडकणाऱ्यांनाही अनेकदा ठाऊक नसतं. तिथली कोंडी किती माणसं कामाला निघाली यावर ठरत नाही, गाड्या किती निघाल्या यावर ठरते. ५० जण एका बसमधून गेले तर रस्ता मोकळा. ५० मोटारी काढल्या, की झालंच!

कोलेस्टेरॉलचंही तसंच. रिपोर्टातला एलडीएलचा आकडा म्हणजे प्रवाशांची, म्हणजे कोलेस्टेरॉलची मोजणी. धमनीच्या भिंतीत शिरून अडकतात त्या मात्र गाड्या, म्हणजे ते वाहणारे कण. अशा प्रत्येक कणावर एपोबी हे प्रथिन एकच असतं. ते मोजलं की गाड्या मोजल्या गेल्या.

यातल्या बहुतेक गाड्या सुटतात यकृताच्या डेपोतून. यकृतात चरबी साठली की ते ट्रायग्लिसराइड या चरबीने ठासून भरलेले कण रक्तात सोडत राहतं. पुढे रक्तात कणाकणांमधल्या चरबीच्या देवाणघेवाणीत एलडीएलचे कण लहान, घट्ट होतात. मग तेवढंच कोलेस्टेरॉल वाहायला कण जास्त लागतात. रिपोर्ट 'नॉर्मल', धोका वाढलेला.

'पण मी तर सडपातळ!' पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच होता, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. २००४ साली 'लॅन्सेट'ने दोघांचा फोटोच छापला. दिसायला दोघेही शिडशिडीत.

मग ही न दिसणारी चरबी येते कुठून? मुळशीच्या खाचरात दिवसभर चिखलणी करणाऱ्याला आंबेमोहराचा भात जिरायचा. खुर्चीवरच्या माणसाने तेवढाच खाल्ला, तर जादा पिष्टाची चरबी यकृतातच होते. तेल-तूप न खाताही.