वाळूवरचे खेळ: मुलीच्या स्पर्धेची फी भरण्याआधी एवढं वाचा



गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी बी-बियाणं, शेळी, दवाखाना, शाळेची फी अशा कारणांसाठी येते. आता एक नवीन कारण ऐकू येतं: "मुलीची बीच गेम्ससाठी निवड झालीय, पैसे भरायचेत." अशा वेळी गप्प बसून सही करायची, की "पोरीला कशाला पाठवतेस" म्हणून मागणी मोडून काढायची? दोन्ही नको. हे खेळ काय आहेत आणि तिथं पोचायची वाट कोणती, हे आपल्याला माहीत असलं की निर्णय सोपा होतो.

बीच गेम्स म्हणजे काय?

बीच म्हणजे समुद्रकिनारा. किनाऱ्यावरच्या वाळूत आणि पाण्यात होणाऱ्या अनेक खेळांची मिळून जी स्पर्धा भरते, ती बीच गेम्स. आशिया खंडातल्या देशांसाठी 'आशियाई बीच गेम्स' ही स्पर्धा 2008 साली इंडोनेशियातल्या बाली इथं सुरू झाली. त्यानंतर 2010 मध्ये ओमानमधलं मस्कत, 2012 मध्ये चीनमधलं हायांग, 2014 मध्ये थायलंडचं फुकेत आणि 2016 मध्ये व्हिएतनामचं दा नांग इथं ती झाली. सहावी स्पर्धा 2020 मध्ये चीनच्या सान्या शहरात ठरली होती; पण करोनामुळे लांबत लांबत ती 2026 सालावर गेली.

आपल्या देशातही 2025 च्या मे महिन्यात दीवच्या घोघला किनाऱ्यावर पहिली 'खेलो इंडिया बीच गेम्स' झाली. तिथं व्हॉलीबॉल, फुटबॉल, कबड्डी असे खेळ तर होतेच, शिवाय आपला मल्लखांब आणि रस्सीखेच हे दोन खेळ प्रात्यक्षिक म्हणून ठेवले होते. म्हणजे हे काही परक्यांचंच कौतुक नाही.

नियम थोडे वेगळे

मॅटवरच्या कबड्डीत एका बाजूला सात जणी असतात, वाळूवर चारच. व्हॉलीबॉलमध्ये एरवी सहा, वाळूवर दोघीच. फुटबॉलमध्ये अकराऐवजी पाच. वाळूवरची कुस्ती सात मीटरच्या गोलात, तीन मिनिटांची. जी आधी तीन गुण मिळवेल ती जिंकली. माणसं कमी, पण दम जास्त लागतो. पाय वाळूत रुततो, त्यामुळे पळायला कितीतरी जास्त ताकद जाते. नांगरलेल्या रानातून डोक्यावर भारा घेऊन चालणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

समुद्र जवळ लागतोच असंही नाही. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भर शहरात वाळू आणून टाकली आणि बीच व्हॉलीबॉल खेळवलं. मात्र सरावासाठी म्हणून कुणी नदीतली वाळू उपसायला जाऊ नका, परवान्याशिवाय तो गुन्हा आहे. शाळेतला लांब उडीचा खड्डा आणि मऊ मातीचं मैदान सुरुवातीला पुरतं.

आपल्या मुलींचं सोनं

यातली अभिमानाची गोष्ट म्हणजे कबड्डी. 2008 ते 2016 या पाचही आशियाई बीच गेम्समध्ये भारताच्या महिला कबड्डी संघाने सुवर्णपदक मिळवलं. 2016 ला दा नांगमध्ये अंतिम सामन्यात त्यांनी थायलंडला हरवलं. त्याच स्पर्धेत पुरुषांच्या संघाला पाकिस्तानकडून हार पत्करून रौप्यावर थांबावं लागलं. पोरींचा खेळ कच्चा असतो असं म्हणणाऱ्याला एवढं एक उदाहरण पुरे आहे.

कपड्यांचं काय?

घरातून पहिला विरोध इथंच होतो. पूर्वी काही बीच खेळांत बायकांनी तोकडे कपडेच घालावेत असा नियम होता, हे खरं आहे. पण त्याविरुद्ध खेळाडूच उभ्या राहिल्या. 2021 साली नॉर्वेच्या महिला हँडबॉल संघाने ठरलेले तोकडे कपडे नाकारले आणि अर्धी पँट घालून सामना खेळला. त्यांना 1500 युरो दंड झाला, जगभर त्यावर टीका झाली आणि 2022 पासून तो नियमच बदलला. व्हॉलीबॉलमध्ये तर 2012 पासूनच बाह्यांचे टॉप आणि अर्धी पँट चालते. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये इजिप्तच्या मुली पूर्ण बाह्या आणि लांब पँट घालून खेळल्या. कबड्डी तर टी-शर्ट आणि अर्ध्या पँटवरच खेळतात. तेव्हा कपड्यांच्या कारणावरून मुलीला घरी बसवण्याआधी त्या खेळाचा आजचा नियम विचारून घ्या.

कर्ज मंजूर करण्याआधी पाच प्रश्न

आशियाई बीच गेम्ससाठी देशाचा संघ भारतीय ऑलिंपिक संघटनेमार्फत जातो. त्यात जागा मिळते ती निवड चाचणीतून. पैसे भरून भारताच्या संघात जागा मिळत नाही. पण 'आंतरराष्ट्रीय' असं मोठं नाव देऊन कुणीही स्पर्धा भरवू शकतं. म्हणून गटाने हे विचारावं:

1. स्पर्धा कोण घेतंय? त्या संघटनेला सरकारची मान्यता आहे का, हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा. फोनवर "आहे हो ताई" म्हटलं, तेवढ्यावर भागत नाही.

2. निवड कशी झाली? चाचणी कधी, कुठे झाली, निवडीचं पत्र कुणाच्या सहीचं आहे? चाचणीच झाली नसेल आणि थेट परदेशाचं तिकीट निघत असेल, तर थांबा.

3. पैसे कशाचे आणि कुणाच्या खात्यात? संस्थेच्या खात्यात भरायचे असतील आणि पावती मिळणार असेल तर पुढं बोला. एखाद्या माणसाच्या मोबाइलवर पैसे पाठवायला सांगत असतील तर नाही म्हणा.

4. मुलीसोबत कोण? महिला प्रशिक्षक किंवा व्यवस्थापक आहे का, राहायची सोय कुठं आहे, घरच्यांना रोज फोन करता येईल का?

5. प्रमाणपत्राचा उपयोग काय? महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. पण प्रत्येक खेळ आणि प्रत्येक स्पर्धा त्यात धरली जात नाही, शिवाय प्रमाणपत्राची पडताळणी होते. "पदक मिळालं की नोकरी पक्की" असं कुणी सांगितलं तर आधी क्रीडा कार्यालयात खात्री करा.

मग मदत करायची की नाही?

जरूर करायची. जिल्हा आणि विभागाच्या सामन्यांना जायचं गाडीभाडं, बूट, गुडघ्याचे पॅड, रोजचं दूध-अंडी हा खर्च खराच असतो आणि तो आईच्या अंगावर पडतो. अशा खर्चासाठी गटाने लहान अंतर्गत कर्ज द्यावं. पण हप्ता आईच्या नेहमीच्या कमाईतून बसेल एवढाच ठेवावा, पदकाच्या भरवशावर नको. कारण मोठ्या स्पर्धाही ऐनवेळी मोडतात. 2023 च्या ऑगस्टमध्ये बालीला होणारी जागतिक बीच गेम्स महिनाभर आधी रद्द झाली, यजमानांना सरकारकडून निधी मिळाला नाही म्हणून. जगभरातले खेळाडू तयारी करून बसलेले होते. तिथं तसं होऊ शकतं, तर आपण हिशोब राखूनच चाललेलं बरं.

पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीत हे पाच प्रश्न वाचून दाखवा आणि ठराव वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आणि एक सहावा प्रश्न स्वतःला विचारा: आपल्या गावात संध्याकाळी मुलींना कबड्डी खेळायला हक्काची जागा आहे का? नसेल तर तो विषय ग्रामसभेत आपणच मांडायचा आहे.